एका नकाशाची कीर्ती

काही ग्रंथांचे दैव मोठे विचित्र असते. त्यांतील एखादे पान अमर होते आणि बाकीची पाने न वाचताच राहतात. पटकीचा प्रसार कसा होतो ह्या विषयावर डॉ. जॉन स्नो ह्यांनी लिहिलेल्या ग्रंथाची गत अशीच झाली आहे. त्याची पहिली आवृत्ती १८४९ साली निघाली, ती म्हणजे एक लहानसे चोपडे होते. पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५५ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली, आणि तीत सोहो भागाचा एक नकाशा घातला होता. तो नकाशा आज भूगोलाच्या, वैद्यकाच्या आणि संख्याशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळतो. ज्या ग्रंथाच्या पोटात तो होता, तो मात्र हाती धरलेला विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटला, आणि प्राध्यापकांविषयी बोलावयाचे तर तेथेही फारसे निराळे चित्र नाही.

वर्गात सांगितली जाणारी गोष्ट अशी. १८५४ साली सोहोत पटकीने कहर मांडला. डॉ. स्नो ह्यांनी त्या भागाचा नकाशा पुढे पसरला आणि जेथे जेथे मृत्यू झाला तेथे तेथे खूण केली. खुणांचा घोळका ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती जमलेला दिसताच त्यांस कारण उमगले. त्यांनी पंपाचा दांडा काढविला आणि साथ थांबली. गोष्ट सुटसुटीत आहे, तरुण मनास उत्साह देणारी आहे. परंतु मूळ ग्रंथाशी ताडून पाहू गेल्यास तिची जवळजवळ प्रत्येक पायरी उलटी बसविलेली आढळते.

प्रथम पंपाचा संशय आला, नकाशा मागाहून आला. पटकी ही पोटात जाणाऱ्या दूषित पदार्थाने होते, हवेतील दुर्गंधीने नव्हे, हे मत डॉ. स्नो ह्यांनी १८४९ सालीच मांडले होते. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोत साथ भडकली आणि अवघ्या दहा दिवसांत, २५० यार्डांच्या टापूत, ५०० हून अधिक माणसे दगावली. हे ऐकताच त्यांचा रोख रस्त्यावरील पंपाकडे वळला. ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी पाणी तपासले, तर ते इतके स्वच्छ दिसले की ते स्वतःच घोटाळ्यात पडले. मग त्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदणीकचेरीतून त्या आठवड्यातील ८३ मृत्यूंची यादी मिळविली आणि यादी हातात घेऊन दारोदार हिंडावयास आरंभ केला. ७ तारखेस ते पॅरिशच्या पालकमंडळापुढे गेले. ८ तारखेस दांडा निघाला. नकाशा त्यानंतर कित्येक आठवड्यांनी तयार झाला आणि डिसेंबरात विद्वानांच्या एका सभेत दाखविण्यात आला. आणि दांडा काढल्याने साथ थांबली काय? ह्याविषयी ग्रंथकर्ता आपल्या भक्तांपेक्षा पुष्कळ सावध आहे. लोक घरेदारे सोडून पळून गेल्यामुळे रोगाचा जोर आधीच ओसरला होता, तेव्हा दांड्याचा परिणाम किती हे निश्चित सांगता येत नाही, असे तो मोकळेपणी कबूल करतो.

ह्या दारोदार हिंडण्याच्या वर्णनातच ग्रंथाचा प्राण आहे. वाङ्मय म्हणून पाहिले तर पुस्तक रूक्ष आहे. एकामागून एक रोग्यांच्या हकिकती येतात, पुनरुक्ती होते, आणि मध्येच लेखक खलाशांकडे, कोळशाच्या खाणींकडे वळतो. तथापि सोहोचा भाग वाचताना वाचक पुस्तक खाली ठेवू शकत नाही, असा आमचा अनुभव आहे. ८३ मृत्यूंपैकी केवळ १० मृत्यू अशा घरांत झाले होते की ज्यांस दुसरा पंप उघडच अधिक जवळ होता. सामान्य विद्वानाने हे दहा जण अपवाद म्हणून सोडून दिले असते. डॉ. स्नो नेमके त्यांच्याच दारी गेले. पाच घरी कळले की, ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडते म्हणून ते मुद्दाम तेथूनच आणवीत. आणखी तिघे म्हणजे त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी मुले होती. मार्लबरो स्ट्रीटच्या पंपाची हकिकत ह्याहूनही बोलकी आहे. त्याचे पाणी इतके घाण होते की त्याच्या शेजारचे लोकही ते टाळून ब्रॉड स्ट्रीटला जात. रूपर्ट स्ट्रीटचा पंप काही गल्ल्यांना नकाशात खेटून दिसतो, परंतु तेथवर जाणारी वाट वळणावळणाची असल्यामुळे चालणाऱ्यास तो दूरच पडे. पुढे १८५५ च्या चौकशी समितीच्या अहवालासाठी त्यांनी नकाशा सुधारला तेव्हा त्यावर एक तुटक रेघ काढली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि भोवतालचे इतर पंप ज्या ठिकाणांहून समान अंतरावर पडतात, ती ठिकाणे ह्या रेघेने जोडली होती. हे अंतर त्यांनी पट्टीने सरळ मोजले नाही, पायवाटेने मोजले.

नकाशात जेथे काळ्या रेघा असावयास हव्या होत्या आणि नाहीत, त्या जागाही त्यांनी सोडल्या नाहीत. जवळच गरिबांचे एक मोठे कामघर होते. तेथे ५३५ माणसे राहात आणि भोवताली घरोघर प्रेते उठत असता तेथे पटकीने मेले केवळ ५. कामघरास स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा एक कारखाना होता, त्यातील सत्तरांहून अधिक कामकऱ्यांपैकी एकही दगावला नाही. त्यांस कारखान्यातील पेय फुकट मिळे आणि पंपाच्या वाटेस ते सहसा जातच नसत, असे मालकाने सांगितले. (मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनी हे उदाहरण फारसे वापरलेले दिसत नाही!) उलटपक्षी बंदुकीच्या टोप्यांच्या कारखान्यात सुमारे २०० माणसे काम करीत, तेथे पंपाच्या पाण्याची दोन पिंपे नेहमी भरलेली असत, आणि त्यांतील १८ जण मेले, ते आपापल्या घरी. म्हणजे त्यांच्या मृत्यूची खूण करावयाची तर ती भलत्याच ठिकाणी पडावयाची.

सर्वांत विलक्षण हकिकत हॅम्पस्टेडच्या विधवेची. ती ५९ वर्षांची बाई सोहोपासून कोसांवर राहात होती आणि कित्येक महिन्यांत इकडे फिरकलीही नव्हती. परंतु पूर्वी तेथे राहिल्यामुळे ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची गोडी तिच्या जिभेवर होती. रोज जाणाऱ्या गाडीतून ती त्या पाण्याची एक बाटली मागवी. ३१ ऑगस्टला भरलेले पाणी ती प्याली आणि २ सप्टेंबरला वारली. तिच्याकडे आलेली भाचीही ते पाणी पिऊन इस्लिंग्टनला परत गेली आणि तेथे मरण पावली. ह्या दोन्ही ठिकाणी त्या वेळी पटकी नव्हती. सोहोच्या नकाशावर ह्या दोघींना स्थान नाही. आणि आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील सर्वांत बलवत्तर पुरावा ह्या दोघींचाच आहे.

नकाशा स्वतः काही सिद्ध करीत नाही, ह्याचा पुरावा त्याच वर्षाच्या इतिहासात आहे. त्याच साथीचा नकाशा गटारखात्याचे अभियंते एडमंड कूपर ह्यांनीही काढला. त्यांस गटारांवरील आळ दूर करावयाचा होता. आरोग्यमंडळाच्या शास्त्रीय समितीनेही आपला नकाशा काढला, आणि तो डॉ. स्नो ह्यांच्या नकाशापेक्षा तपशिलात कमी नव्हता. मृत्यू तेच, गल्ल्या त्याच. तरी समितीने पाण्याची उपपत्ती नाकारली आणि दूषित हवेचीच कास धरली. पंपाभोवती दाटलेल्या रेघा तिलाही दिसत होत्याच. परंतु हवेतील विष एखाद्या जागी साचले तरी त्याची छाया अशीच गोल पडावयाची, तेव्हा त्या रेघांनी तिचे मत बदलण्याचे कारण नव्हते.

त्या समितीत विल्यम फार हे बसले होते, आणि त्यांची गोष्ट आजच्या संशोधकाने अधिकच मनावर घ्यावी अशी आहे. फार हे आपल्या काळातील श्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञ. १८४८-४९ च्या साथीचे आकडे घेऊन त्यांनी १८५२ साली दाखवून दिले की, टेम्सच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच तितके पटकीचे मृत्यू कमी. २० फुटांहून कमी उंचीवर दर १०,००० मागे १०२ मृत्यू, आणि तेथून वर चढत जावे तसतसा आकडा उतरत जातो. त्यासाठी त्यांनी एक सूत्रही बसविले, आणि गणिताने काढलेले आकडे प्रत्यक्ष आकड्यांशी असे जुळले की पाहणाऱ्याने माना डोलवाव्या. आकडे खरे होते, गणितही खरे होते. मात्र सखल भागात विषारी वाफ दाटते हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक होता. सखल वस्त्यांना टेम्सच्या खालच्या, मैल्याने भरलेल्या प्रवाहाचे पाणी मिळत होते, ही गोष्ट त्या सुंदर सूत्रात कोठेच नव्हती. फार ह्यांच्या थोरवीची साक्ष अशी की, १८६६ च्या साथीत पूर्व लंडनच्या पाणीकंपनीचा दोष उघडकीस आणण्यात तेच पुढे झाले. परंतु तोवर डॉ. स्नो ह्यांस जाऊन आठ वर्षे झाली होती.

दक्षिण लंडनच्या चौकशीकडे वळले की नकाशाची मर्यादा आणखी स्पष्ट होते. तेथे दोन कंपन्या पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा टेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात नेला होता. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या घाणीतलेच पाणी उपशीत होती. पुष्कळ भागांत दोहींचे नळ एकाच गल्लीतून गेले होते. एका घरास एकीचे पाणी, शेजारच्या घरास दुसरीचे. गल्ली एक, हवा एक, श्रीमंती आणि गरिबी सारखीच वाटलेली. येथे विभाग रंगवून काय हाती लागणार? प्रत्येक मृताच्या घरी जाऊन पाणी कोणाचे हे विचारणे, हाच एक मार्ग उरला. पुष्कळ भाडेकऱ्यांना ते ठाऊकच नव्हते, कारण पट्टी घरमालक भरी. तेव्हा डॉ. स्नो ह्यांनी पाण्यातील मिठावरून कंपनी ओळखण्याची युक्ती काढली. सिल्व्हर नायट्रेट घालताच भेद दिसे: लॅम्बेथच्या पाण्यात गॅलनमागे एक ग्रेनही मीठ नसे, दुसरीच्या पाण्यात ३७.९ ग्रेन. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा लागला की, साउथवर्क आणि व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३१५. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३७. विभागाची सरासरी ही त्या विभागातील माणसाची हकिकत नव्हे, हे तत्त्व समाजशास्त्रात रूढ केले ते १९५० साली अमेरिकन विद्वान रॉबिन्सन ह्यांच्या निबंधाने. डॉ. स्नो ह्यांनी ते तत्त्व शब्दांत मांडले नाही. त्यांनी नुसते बाटल्या घेऊन जिने चढण्याचे काम केले.

एवढ्या जुन्या प्रकरणाचा इतका ऊहापोह कशाला, असे कोणी विचारील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूगोलशास्त्राने गणिताची कास धरली. १९७० साली वाल्डो टोब्लर ह्यांनी जवळच्या वस्तूंचा परस्परसंबंध दूरच्यांपेक्षा अधिक असतो हा नियम सांगितला, आणि आज संगणक लक्षावधी ठिकाणांची अंतरे क्षणात मोजून देतो. ही प्रगती लहान नाही, आणि तिची कुचेष्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु हीच विद्या शिकविताना स्नोंचा नकाशा पहिल्या धड्यास घेतला जातो. त्यातील मृत्यू म्हणजे ठिपके, पंप म्हणजे केंद्रे. प्रत्येक ठिपका जवळच्या केंद्रास वाटून द्यावयाचा आणि ब्रॉड स्ट्रीटच्या वाट्यास सर्वांत अधिक आले की टाळी वाजवावयाची. ज्याने मार्लबरो स्ट्रीटचे शेजारी पंप टाळतात हे विचारून काढले, त्याच्याच नावाने विचारल्यावाचून वाटणी करावयास शिकविले जाते! बरे, रेघा कोठे ओढावयाच्या ह्यावरही उत्तर बदलते. १९७९ साली ओपनशॉ आणि टेलर ह्यांनी आयोवा संस्थानातील ९९ परगण्यांचे गट निरनिराळ्या रीतींनी पाडून दाखविले की, त्याच आकड्यांतून दोन गोष्टींचा संबंध जवळजवळ पूर्ण विरोधाचाही निघतो आणि जवळजवळ पूर्ण साहचर्याचाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाच्या तोंडी परीक्षेस आम्ही परीक्षक होतो. विद्यार्थी हुशार होता. एका तालुक्यातील विहिरी व घरे त्याने नकाशावर घेतली होती, आणि प्रत्येक घर जवळच्या विहिरीस जोडून पाण्याची टंचाई काढली होती. रंग मोठे देखणे होते. आमच्या सहपरीक्षक बाईंनी एका घरावर बोट ठेवून विचारले, "ह्या घरची माणसे ह्याच विहिरीवर पाणी भरतात, हे तुम्हांला कोणी सांगितले?" मुलगा गोंधळला आणि म्हणाला, "मॅडम, हीच सर्वांत जवळ आहे." प्रश्न तेथेच राहिला. आम्ही त्या दिवशी सढळ हाताने गुण दिले, ही गोष्ट आता सांगितली पाहिजे.

कारण महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसास तरी हे उत्तर पुरते वाटू नये. महाडच्या चवदार तळ्याचे अंतर महाडकरांपैकी कोणास ठाऊक नव्हते? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावे असा बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता; महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ साली मान्यही केला होता. म्हणजे कागदावर तळे खुले होते आणि पावलांनी ते जवळ होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्याच्या काठी जाऊन ते पाणी प्याले, तेव्हा त्या एका ओंजळीसाठी लोकांस मार खावा लागला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि दावा १९३७ सालपर्यंत हायकोर्टात चालला. अंतर मोजून पाणी वाटणारी रीत तळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पदरी ते पाणी घालून मोकळी होईल. गावोगावच्या विहिरींचा इतिहास ह्याहून फार वेगळा नाही, आणि कोणत्या विहिरीवर कोणी जावयाचे हे तेथील लहान पोरही सांगू शकते, विचारणारा भेटला तर.

संशोधनाच्या 'समग्र' पद्धतीची चर्चा अलीकडे पुष्कळ ऐकू येते. तिचा अर्थ आकडे, नकाशा, मुलाखती, छायाचित्रे असे सर्व काही एका पुठ्ठ्यात बांधणे असा केला जातो, तो आम्हांस मान्य नाही. स्नोंच्या ग्रंथात साधने अनेक आहेत, पण ती केवळ एकाशेजारी एक ठेवलेली नाहीत. यादीतील शंका दारावर जाऊन फिटते, दारावरचे अज्ञान रसायनाने दूर होते, आणि नकाशातील मोकळी जागा कामघराच्या विहिरीकडे बोट दाखविते. एक साधन दुसऱ्याची उलटतपासणी घेते.

तथापि स्वतः डॉ. स्नोही ह्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाहीत. परिसरातील ७३ मृतांपैकी ६१ जण पंपाचे पाणी पीत, सहांची माहिती मिळाली नाही, आणि सहा जण पीत नव्हते असे घरच्यांनी सांगितले. ते पाणी खानावळींत, मद्यालयांत, शरबताच्या दुकानांतही वापरीत, तेव्हा ह्या सहांनी ते नकळत घेतले असेल, असा ग्रंथकर्त्याचा युक्तिवाद आहे. असेलही, पण विरुद्ध साक्षीलाही आपल्या पक्षात ओढणारा हा युक्तिवाद निसरडा आहे. ह्याहून मोठी उणीव अशी की, सोहोत त्यांनी चौकशी केली ती मेलेल्यांची. पाणी पिऊन जगले किती, आणि न पिताही आजारी पडले किती, हे त्यांनी मोजले नाही.

हे काम एका तरुण धर्मोपदेशकाने केले. हेन्री व्हाइटहेड हे त्याच वस्तीतील सेंट ल्यूकच्या चर्चमध्ये होते. पंपाची उपपत्ती त्यांस मुळीच पटली नव्हती आणि ती खोडून काढावी ह्याच हेतूने त्यांनी चौकशी आरंभिली. घरे त्यांच्या ओळखीची होती, माणसे त्यांच्याशी मोकळेपणी बोलत, आणि एकेका घरी ते चार-चार पाच-पाच वेळा गेले. ब्रॉड स्ट्रीटवरील जिवंत आणि मृत अशा दोघांचाही हिशेब त्यांनी मांडला. पंपाचे पाणी पिणाऱ्या १३७ जणांपैकी ८० जणांस रोग झाला. न पिणाऱ्या २९७ पैकी २० जणांस. खोडावयास निघालेल्या माणसाच्या हातून सिद्धता झाली आणि त्याने ती प्रांजळपणे प्रसिद्ध केली.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. नोंदणीच्या कागदांत ४० ब्रॉड स्ट्रीट येथील पाच महिन्यांच्या एका मुलीच्या मृत्यूची नोंद त्यांच्या नजरेस पडली. ती २ सप्टेंबरला वारली होती, पण तिचे जुलाब साथीच्या आधीच, २८ ऑगस्टच्या सुमारास, सुरू झाले होते. घर पंपाच्या अगदी समोर. व्हाइटहेड आईकडे गेले. मुलीची लंगोटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैल्याच्या हौदात टाकले होते, असे तिने सांगितले. खणून पाहता हौदाच्या विटा ढिल्या झालेल्या निघाल्या, आणि तेथून विहीर तीन फुटांवरही नव्हती. त्या मुलीचा बाप ८ सप्टेंबरला, दांडा काढला त्याच दिवशी, आजारी पडला आणि १९ तारखेस वारला. त्याच्या आजारातील घाण पुन्हा त्याच हौदात जाण्याचा संभव होता. त्या अकरा दिवसांत पंपाला दांडा नव्हता.